चार वाजले, पडदे ओढा

लेहमध्ये नवं घर बांधायला निघालेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न काचेचा असतो. ‘मॅडम, दक्षिणेला किती मोठी खिडकी लावू?’ मी उलट विचारते, ‘दुपारी चार वाजता घरात कोण असतं?’ समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. मोठी काच लावली की ऊन आत येणार आणि घर ऊबदार होणार, एवढा साधा हिशेब त्याने मनात मांडलेला असतो. तो हिशेब दुपारपर्यंत बरोबर असतो. पण गारठून जागं व्हायची वेळ पहाटे येते.

मी मूळची साताऱ्याची, पेशाने आर्किटेक्ट. लडाखची हवा समजून घ्यायला मला माण-खटावचा उपयोग झाला. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे जसा कोरडा मुलूख उरतो, तसाच हिमालयाच्या पलीकडे लडाख. फक्त इथे सगळं टोकाचं. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर, वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. हवा विरळ, ढग थोडे, म्हणून हिवाळ्यातही दिवसाचं ऊन चटका लावतं. त्याच कारणाने रात्री जमिनीतली ऊब बिनअडथळा आकाशात निघून जाते आणि जानेवारीत पारा उणे 15-20 पर्यंत उतरतो.

यावर इथला जुना उपाय म्हणजे बुखारी, खोलीच्या मधोमध ठेवलेली पत्र्याची शेगडी. तिच्यात लाकूड, वाळलेलं शेण किंवा रॉकेल जळतं. झाडं मोजकी, त्यामुळे सरपण दुर्मीळ, आणि खिडक्या घट्ट बंद असल्याने धूर घरातच कोंडतो. उन्हावर घर तापवायची कल्पना इथे रुजली ती या अडचणीतून.

या कामाचं पहिलं गणित सूर्याच्या उंचीचं. लेह 34 अंश अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेबत्तीस अंश वर असतो, 21 जूनला जवळजवळ ऐंशी. म्हणजे हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या खिडकीतून तिरपं थेट खोलीच्या आत पसरतं आणि उन्हाळ्यात छोटासा छज्जाही ते अडवतो. खोली तापवायला ना पंप लागतो, ना पॅनेल.

किती ऊब मिळते? दहा चौरस मीटर उभी काच दक्षिणेला असेल, तर स्वच्छ हिवाळी दिवसात तीस-चाळीस युनिट विजेइतकी उष्णता आत येते. पण रात्री तीच काच उलटं काम करते. आत 12 अंश आणि बाहेर उणे 13 असताना त्या एकेरी काचेतून सुमारे 1,400 वॅट बाहेर जातात. पंधरा तासांच्या रात्रीत वीस-एकवीस युनिट, म्हणजे दिवसाच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त हिस्सा. दुहेरी काच ही गळती साधारण निम्मी करते आणि जाड पडदा ती आणखी कमी करतो. माझ्या स्वतःच्या खिडकीला मी साताऱ्याहून आणलेली वाकळ लावते, कडा चौकटीला चिकटतील अशी. फटीतून हवा फिरली तर पडद्याचा उपयोग शोभेपुरताच. ऊन खिडकीवरून सरकलं की तो ओढायचा. म्हणून चार वाजताचा प्रश्न.

दिवसा आलेली उष्णता रात्रीपर्यंत धरून ठेवायची, तर घरात जड वस्तुमान हवं. इथे मातीचा मान मोठा. एक घनमीटर चेपलेली माती एक अंशाने तापली, की तिच्यात जवळपास अर्धं युनिट साठतं. आतल्या भिंती आणि जमीन मिळून दहा घनमीटर भरले आणि ते पाच अंशांनी तापले, तर पंचवीस युनिट जमा. मग या भिंतींना बाहेरून पांघरूण हवं. आम्ही दुहेरी भिंत घालतो आणि मधल्या पोकळीत भुसा, पेंढा किंवा लाकडाच्या ढलप्या भरतो. छपरालाही तसंच, कारण ऊब आधी वर जाते. लेहमध्ये सध्या उठणाऱ्या सिमेंटच्या घरांत हे पांघरूणच नसतं. पातळ भिंती, उघडा स्लॅब आणि समोर भली मोठी काच. दुपारी दोन वाजता तिथे घाम येतो आणि रात्री दहाला जाकीट घालून बसावं लागतं.

ऊन पकडायच्या इथे तीन रीती आहेत आणि त्यांतली कुठली घ्यायची, हे मी घरातल्या माणसांच्या वेळापत्रकावरून ठरवते.

पहिली, साधी मोठी खिडकी. खोली लगेच तापते, म्हणून शाळेचे वर्ग आणि कचेऱ्या यांना ही उत्तम. मुलं घरी गेल्यावर वर्ग गार पडला तरी कुणाचं बिघडत नाही.

दुसरी, शेलखांग, म्हणजे दक्षिणेला जोडलेली काचेची खोली. दिवसभर घरात असणाऱ्यांना ही हवी. तिथे भाज्याही वाळतात, गप्पाही होतात. काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावला तर खर्च बराच उतरतो आणि उन्हाळ्यात तो काढून ठेवता येतो.

तिसरी, ट्रॉम्ब भिंत. जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढे थोडी फट सोडून काच बसवायची. ऊन भिंतीवर पडतं आणि उष्णता हळूहळू आत झिरपते. एक फूट जाडीला आठ-नऊ तास लागतात, त्यामुळे दुपारचं ऊन रात्री झोपायच्या वेळी खोलीत पोचतं. दिवसभर बाहेर असणाऱ्या नोकरदारांच्या झोपण्याच्या खोलीला मी हीच सुचवते. तोटा एवढाच, की त्या बाजूने उजेड येत नाही.

अमेरिकेच्या एडवर्ड मोर्स यांनी अशा रचनेचं पेटंट 1881 मध्ये घेतलं होतं. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावात फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुरचनाकार जाक मिशेल यांनी 1967 मध्ये तशी घरं उभी केली आणि ट्रॉम्ब यांचं नाव तिला चिकटलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस हेलेना नॉर्बर्ग-हॉज यांच्या लडाख प्रकल्पाने ती इथल्या मातीच्या विटांत बांधून दाखवली.

पूर्ण इमारत कशी चालते ते पाहायचं, तर लेहजवळ फे गावी सेकमॉलच्या संकुलात जावं. सोनम वांगचुक आणि त्यांच्या साथीदारांनी 1988 मध्ये सुरू केलेली ही संस्था. इथली मुख्य इमारत चेपलेल्या मातीची आहे. थंडीत तिच्या दक्षिणेला प्लॅस्टिकचं हरितगृह लागतं. या इमारतीला 2016 मध्ये ल्योंमध्ये आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला. बाहेर उणे 15 असताना आत 14 अंश, असं संस्था सांगते.

अर्थात उन्हावरचं घर सगळं भागवत नाही. लागोपाठ ढगाळ दिवस आले की साठा संपतो आणि बुखारी पेटवावी लागते. ज्या घरात मी भाड्याने राहते, तिथल्या आमा-लेंना, म्हणजे घरातल्या आईंना, ट्रॉम्ब भिंत दाखवायला नेलं होतं. त्यांनी हात लावून पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, ‘बुखारीवर चहा होतो. हिच्यावर होतो का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातली चूल मी नकाशातून काढत नाही, फक्त तिला लागणारं सरपण कमी करते.

महाराष्ट्रात निफाडची थंडी सोडली तर घर तापवायची वेळ कुणावर येत नाही. पण हेच कोन विदर्भात उलटे वापरता येतात. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन खाली उतरून आडवं येतं, तिथे झाड, जाळी किंवा जोडभिंतच लागते.

लेहमध्ये मला खरी काळजी आहे ती दाटीची. सहा मीटर उंच इमारतीची सावली डिसेंबरच्या भर दुपारी साडेनऊ मीटर लांब पडते. दक्षिणेच्या शेजाऱ्याने हॉटेल बांधलं, की मागच्या घराची खिडकी, भिंत, शेलखांग सगळं निकामी. म्हणून नकाशा काढण्याआधी मी लोकांना सांगते, जागेचा व्यवहार हिवाळ्यात करा आणि दुपारी तिथे उभे राहून पाहा. जूनमध्ये सगळेच प्लॉट उन्हात असतात.