गच्चीवरचं ऊन कोणाचं?

पुण्यातल्या आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं वीजबिल हा वार्षिक सभेतला ठरलेला वाद. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. सामाईक विजेसाठी सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं हे कळल्यावर आमच्याकडेही गच्चीवर पॅनेल बसवायचं घाटू लागलं.

यंत्राचा हिशेब सोपा. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, तेवढे युनिट बिलातून वजा होतात. बँकेत हयात गेलेल्या मला हे पासबुकच वाटलं. दुपारी भरणा, रात्री उचल, ३१ मार्चला हिशेबपूर्ती!

माणसांचा हिशेब मात्र अवघड. तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. वर्गणी का देऊ?" त्यांच्या नळाला येणारं पाणीही आधी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, याची आठवण कोणीतरी करून दिली. एका आजोबांनी विचारलं, "पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं म्हणता, तोवर मी कुठे असणार?" यावर सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. परतफेडीचा काळ माणसाच्या वयाशी ताडून पाहायची सवय आम्हा बँकवाल्यांनीच लावली ना?

खरा पेच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी टाकला. "अहो, तुमचं पॅनेल बसलं की माझ्या कुरडया कुठे वाळायच्या?" दर उन्हाळ्यात त्यांचं वाळवण गच्चीवर पसरतं. निम्म्या इमारतीच्या डब्यांत ते पोहोचतं. उंच सांगाड्यावर पॅनेल चढवलं तर खाली चालता येईल, पण ऊन मिळणार नाही. शिवाय उंच सांगाड्याचा खर्च वेगळा.

दोन सभा याच्यावर गेल्या. अखेर दहाऐवजी आठ किलोवॉट ठरले आणि दक्षिणेकडची पट्टी वाळवणाला मोकळी राहिली. दिवसाला आठ युनिट सोडले म्हणून एक तरुण सभासद अजून हळहळतो. मला तो सौदा महाग वाटत नाही. गच्ची सर्वांची, तसं तिच्यावरचं ऊनही.

पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून धुण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. नळी धरायला तळमजल्यावरचे गृहस्थ न चुकता येतात. अजूनही जिन्यानेच.