धावत्या लिफ्टमधील मुक्त पतन : एका भौतिकशास्त्रीय कोड्याचे विवेचन

बीजसंज्ञा : मुक्त पतन, वेग, त्वरण, आभासी वजन, वजनरहित अवस्था

प्रस्तावना :

जळगाव शहरातील मेहरूण हा परिसर तेथील तलावासाठी आणि बोरांसाठी परिचित आहे. मेहरूणच्या नावाने बोराचा एक वाणही ओळखला जातो. संक्रांतीनंतर घरोघरी होणाऱ्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, हलवा, मुरमुरे आणि उसाचे तुकडे एकत्र ओतले जातात. जड बोर आणि हलव्याचा हलका दाणा जवळजवळ एकाच वेळी खाली येतात. मुरमुरा मात्र हवेच्या विरोधामुळे किंचित मागे राहतो. हवेचा विरोध वगळला तर सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हा गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त या कौटुंबिक विधीत सहज पाहावयास मिळतो.

बोरन्हाण स्थिर जमिनीवर होते. जळगाव महानगरपालिकेच्या सतरा मजली इमारतीसारख्या उंच वास्तूत लिफ्ट वर जात असताना प्रवाशाच्या हातातून बोर निसटले, तर ते तळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचेल, उशिरा पोहोचेल, की तेवढाच वेळ घेईल? 'तळ वर येत असल्यामुळे लवकर पोहोचेल,' असे उत्तर विद्यार्थ्यांकडून सर्रास मिळते. हे उत्तर पटण्यासारखे वाटले तरी पूर्णांशाने बरोबर नाही. या कोड्याची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) पतनाच्या कालावधीवर लिफ्टच्या वेगाचा व त्वरणाचा काय परिणाम होतो, हे स्पष्ट करणे.
२) वजन आणि वस्तुमान या संकल्पनांतील भेद विशद करणे.
३) कोसळणारी लिफ्ट व अवकाशातील वजनरहित अवस्था यांविषयीच्या गैरसमजांचे निराकरण करणे.

गृहीतके :

बोर लिफ्टच्या तळापासून १.२२५ मीटर उंचीवरून निसटते. गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग मानले असून हवेचा विरोध विचारात घेतलेला नाही. पतनकालाचा वर्ग काढण्यासाठी उंचीच्या दुपटीला त्वरणाने भागावे लागते. त्यानुसार स्थिर लिफ्टमध्ये बोरास तळ गाठण्यासाठी नेमका अर्धा सेकंद लागतो.

विषय विवेचन :

१. एकसमान वेगाने जाणारी लिफ्ट

लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद या एकसमान वेगाने वर जात आहे, असे समजू. हातातील बोरही निसटण्यापूर्वी लिफ्टबरोबर त्याच वेगाने वर जात असते. हात सुटला म्हणून हा वेग नाहीसा होत नाही. जडत्वामुळे तो बोराजवळ शिल्लक राहतो. म्हणूनच इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या निरीक्षकाला काचेच्या लिफ्टमधील हे बोर प्रथम चक्क वर जाताना दिसेल. ते सुमारे २०.४ सेंटिमीटर वर चढेल, क्षणभर थांबेल आणि नंतर ४२.९ सेंटिमीटर खाली येईल. म्हणजे सुटल्या जागेपासून ते २२.५ सेंटिमीटर खाली असेल. त्याच अर्ध्या सेकंदात लिफ्टचा तळ १ मीटर वर आलेला असेल. या दोन अंतरांची बेरीज १.२२५ मीटर, म्हणजेच मूळ उंचीइतकी होते.

लिफ्टमधील प्रवाशाला मात्र बोर सरळ खाली पडताना दिसते. दोघांना दिसणारे मार्ग भिन्न असले, तरी कालावधी एकच, अर्धा सेकंद आहे. लिफ्ट त्याच वेगाने खाली जात असली तरीही उत्तर बदलत नाही. तळ वर येतो हे खरे; परंतु बोरही तोच वेग घेऊन निघालेले असते, ही गोष्ट सर्वसाधारण उत्तरात निसटून जाते.

२. त्वरणयुक्त लिफ्ट

लिफ्ट सुरू होताना अथवा थांबताना तिचा वेग बदलतो. हा बदल १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका मानू. वर निघालेल्या लिफ्टचा वेग वाढत असताना बोर सुटले, तर सुटण्याच्या क्षणी दोघांचा वेग सारखा असतो. त्यानंतर बोराचा लिफ्टशी संबंध तुटतो, तळाचा वेग मात्र वाढत राहतो. बोरावरील पृथ्वीचे आकर्षण तेवढेच असते. तळ त्याच्या भेटीला अधिक घाईने येतो. लिफ्टच्या संदर्भात बोराचे त्वरण ९.८ ऐवजी १०.८ होते. सर्व शक्यता पुढीलप्रमाणे मांडता येतील :

(अ) स्थिर लिफ्ट, किंवा वर अथवा खाली एकसमान वेगाने जाणारी लिफ्ट : ०.५०० सेकंद
(आ) वर जाताना वेग वाढत असलेली, किंवा खाली जाताना वेग कमी होत असलेली लिफ्ट : ०.४७६ सेकंद
(इ) खाली जाताना वेग वाढत असलेली, किंवा वर जाताना वेग कमी होत असलेली लिफ्ट : ०.५२८ सेकंद
(ई) मुक्तपणे कोसळणारी लिफ्ट : बोर तळाला टेकणारच नाही

यावरून असे दिसते की, लिफ्ट कोणत्या दिशेला जाते हा प्रश्न गौण आहे. तिचा वेग कसा बदलतो हा प्रश्न निर्णायक आहे. वरच्या मजल्यावर थांबू लागलेली आणि खाली निघू लागलेली लिफ्ट या दृष्टीने एकच होत.

३. वजनकाट्याची साक्ष

सेकंदाच्या शतांश भागांतील हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. मात्र घरगुती वजनकाट्यावर उभे राहून लिफ्टने प्रवास केल्यास तोच परिणाम पाहता येतो. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीसाठी काटा वरीलपैकी (आ) स्थितीत सुमारे ६६ किलोग्रॅम, तर (इ) स्थितीत सुमारे ५४ किलोग्रॅम दाखवील. व्यक्तीचे वस्तुमान बदललेले नसते; तळाने पायांवर दिलेला रेटा बदललेला असतो. आपल्याला जाणवणारे वजन म्हणजे हा रेटाच होय. महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांनाही हा प्रयोग सहज करता येईल. मोबाइलमधील त्वरणमापकाच्या साहाय्याने त्याची आकडेवारीही नोंदवता येते.

४. कोसळणारी लिफ्ट

लिफ्ट कोसळत असल्यास जमिनीला टेकण्यापूर्वी उडी मारावी म्हणजे बचाव होतो, असा एक समज आहे. ४५ मीटर उंचीवरून मुक्तपणे पडलेल्या लिफ्टचा वेग जमिनीजवळ सुमारे २९.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १०७ किलोमीटर होईल. सुदृढ व्यक्तीची उडी यातून फार तर २.८ मीटर प्रति सेकंद वजा करील. ताशी सुमारे ९७ किलोमीटरचा आघात शिल्लक राहीलच. शिवाय मुक्त पतनात पाय तळावर दाबलेले नसल्याने नीट उडी मारणेच कठीण असते.

प्रवाशाचे रक्षण उडी नव्हे, तर यंत्ररचना करते. लिफ्टला एकाहून अधिक पोलादी दोर असतात. वेग मर्यादेबाहेर गेल्यास गतिनियंत्रकामुळे सुरक्षा पकडी बाजूच्या रुळांना घट्ट आवळतात. दोर तुटल्यावर फलाट जागीच अडकवून धरणाऱ्या यंत्रणेचे जाहीर प्रात्यक्षिक एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविले होते. दोराच्या दुसऱ्या टोकाचा प्रतिभार रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतो. त्यामुळे केवळ ब्रेक निकामी झाल्यास मोजके प्रवासी असलेली लिफ्ट खाली न येता वर खेचली जाऊ शकते. म्हणून नियमित देखभालीला पर्याय नाही.

५. लिफ्टपासून अवकाशापर्यंत

मुक्तपणे पडणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आइन्स्टाइन यांना १९०७ मध्ये सुचला. त्याच विचाराची परिणती पुढे १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात झाली. जर्मनीतील ब्रेमेन येथील मनोऱ्यात प्रयोगपेटी निर्वात नळीतून ११० मीटर खाली सोडून सुमारे ४.७ सेकंदांची वजनरहित अवस्था मिळविली जाते.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगताना देशाने पाहिले. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, ही समजूत चुकीची आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वीय त्वरण भूपृष्ठावरील त्वरणाच्या जवळपास ८९ टक्के असते. स्थानक सतत पृथ्वीकडे पडत असते. परंतु त्याच्या प्रचंड आडव्या वेगामुळे पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग त्याच्यापासून तितकाच दूर सरकत राहतो. ही जमिनीला कधीही न टेकणारी लिफ्टच होय.

निष्कर्ष :

धावत्या लिफ्टमधील पतनाचा कालावधी तिच्या वेगावर नव्हे, तर त्वरणावर अवलंबून असतो. त्वरण माहीत नसताना केवळ 'लिफ्ट वर जात आहे' एवढ्यावर या कोड्याचे उत्तर देता येत नाही. अध्यापनात सूत्रापूर्वी हा प्रश्न मांडल्यास, गती म्हणजे बल हा विद्यार्थ्यांच्या मनातील रूढ समज उघड होतो आणि तो दूर करण्याची संधी मिळते. बोर, वजनकाटा आणि लिफ्ट एवढ्या साधनांनी ही चर्चा कोणत्याही वर्गात सुरू करता येईल.