पिनियनचे ऑइल सील : तळहाताएवढ्या कडीची करामत

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीखाली डोकावले, तर गिअरबॉक्सकडून आलेला प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलच्या मधल्या फुगवट्याशी येऊन थांबलेला दिसतो. हा फुगवटा म्हणजे डिफरन्शियल. त्याच्या पोटात क्राउन व्हील आणि पिनियन ही दातेरी जोडी तेलात फिरत असते, आणि पिनियनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे तळहातावर मावेल असे एक ऑइल सील ठोकून बसवलेले असते. किंमत किरकोळ, रूप त्याहून किरकोळ. काम मात्र अचाट.

मारुती जिप्सीसारखी गाडी धरून हिशेब मांडू. चाकाच्या एका फेरीत सुमारे 2.1 मीटर अंतर कापले जाते आणि पिनियन चाकाच्या जवळजवळ चौपट वेगाने फिरते. ताशी 80 किलोमीटर वेगाला ते मिनिटाला अडीच हजार फेरे घेते. सील ज्या भागावर टेकते त्याचा व्यास 38 मिलिमीटर मानला, तर गाडी एक लाख किलोमीटर चालेपर्यंत सीलच्या कडेखालून साडेबावीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे पोलाद सरकून गेलेले असते. पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेपेक्षा जास्त! एवढे होऊनही तेल आतच राहते.

ते राहते कसे, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुरस भाग. सील म्हणजे पत्र्याची कडी, तिच्यावर चढवलेले नायट्राइल रबर, आतल्या अंगाला धारदार कड (गॅरेजमध्ये हिला लिप म्हणतात) आणि त्या लिपला दांड्याशी आवळून धरणारी बारीक तारेची गोल स्प्रिंग. लिप दांड्याला टेकते ती पट्टी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी रुंद. तिथेही चालत्या गाडीत रबर आणि पोलाद यांच्यामध्ये साधारण एक मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो. तो नसता तर कोरडे रबर बघता बघता जळून गेले असते. म्हणजे फट आहे, फटीत तेल आहे, तरी ते बाहेर येत नाही.

याचे कारण लिपच्या दोन उतारांमध्ये आहे. तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा पसरट. त्यामुळे लिपचा दाब सारखा न वाटला जाता तेलाच्या बाजूला जास्त येतो. दांडा फिरू लागला की रबरावरचे सूक्ष्म उंचवटे त्याच्याबरोबर तिरपे ओढले जातात आणि तेलाला आतल्या दिशेने रेटत राहतात. प्रयोगशाळेत सीलच्या बाहेरच्या अंगाला तेलाचे थेंब सोडले, तर फिरता दांडा आणि लिप मिळून ते आत ओढून घेतात. थोडक्यात, सील म्हणजे बूच नव्हे, तो एक चिमुकला पंप आहे. हेच सील उलटे बसवले तर ते तितक्याच इमानदारीने तेल बाहेर काढते. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची, या नियमामागे एवढे शास्त्र आहे.

गंमत म्हणजे डिफरन्शियल या सीलपेक्षा शंभर वर्षांनी मोठे. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्योरने वाफेच्या गाडीसाठी ते 1827 मध्ये योजले होते. आजच्या सीलचे पूर्वज मात्र कातड्याचे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी 1849 पासून कातडी कमावणाऱ्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीने मंदीच्या काळात कातड्याची सीले करायला घेतली आणि 1930 च्या दशकातच कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आणले. वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या नावावरून पडलेले 'झिमररिंग' हे नाव जर्मनीत आजही सरसकट ऑइल सीलसाठी वापरतात.

आता गळतीकडे वळू. ती ओळखायला तेलाचा वास उपयोगी पडतो, आणि त्या वासाचे मूळ दात्यांच्या रचनेत आहे. 1926 मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड गाड्यांतून हायपॉइड गिअर आले. त्यांत पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली बसते. शाफ्ट खाली आला, गाडीची फरशीही खाली घेता आली. पण हे दाते नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घासत सरकतात. दाबाखालचे हे घासणे सोसायला तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने घालावी लागतात. म्हणूनच जीएल-5 प्रतीच्या तेलाला तो उग्र दर्प असतो. गाडीखालचा ओघळ बोटावर घेऊन हुंगला की इंजिनचे तेल कोणते आणि डिफरन्शियलचे कोणते, हे नाक लगेच सांगते. पिनियनच्या दांड्यावर बसवलेल्या, प्रोपेलर शाफ्ट जोडण्याच्या फ्लँजभोवती चिकट काळी धूळ आणि तिच्या वरच फरशीच्या पत्र्यावर उडालेल्या तेलाची आडवी रेघ दिसली, तर गळती पिनियन सीलचीच. तेल चाकाच्या आतून येत असेल तर दोष ॲक्सलच्या टोकाच्या सीलचा. तिथे ब्रेक लायनर भिजतात, तेव्हा ते काम लांबणीवर टाकू नये.

सील आणायला दुकानात जाण्याआधी ॲक्सलवरचा ब्रीदर पाहावा. ही एक छोटीशी टोपी. चालून तापलेल्या ॲक्सलमधली हवा तिच्यातून बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की आतला दाब तेलाला सीलवाटे बाहेर रेटतो, आणि नवे सीलही फार काळ टिकत नाही. कितीतरी सीले या टोपीपायी फुकट बदलली जातात.

प्रत्यक्ष काम सुरू करताना एक धोका ध्यानात ठेवावा. प्रोपेलर शाफ्ट सोडला की गाडी गिअरमध्ये ठेवण्याला काही अर्थ उरत नाही. ती सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, आणि जॅकच्या भरवशावर न राहता ॲक्सलखाली लोखंडी स्टँड द्यावेत. शाफ्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर खुणा कराव्यात म्हणजे तो होता तसाच परत बसतो.

यापुढे सगळी परीक्षा आहे ती पिनियनच्या नटाची. पिनियन दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरते. जिप्सीसारख्या बऱ्याच गाड्यांत या दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ पोलादी नळी असते. कारखान्यात नट आवळताना ती थोडी चेपते आणि बेअरिंगांवर नेमका ताण येतो. हाच प्रीलोड. तो कमी पडला तर पिनियन डुलते आणि दाते घुं-घुं करू लागतात. जास्त झाला तर बेअरिंग तापून जाते. आणि एकदा जास्त चेपलेली नळी पुन्हा फुगत नाही. पिनियन बाहेर काढून नवी घालावी लागते. इम्पॅक्ट गनने हा नट करकचून आवळून देणारे महाभाग भेटतात. सील बदलल्यावर महिन्याभरात डिफरन्शियल रडू लागले, तर दोष सीलचा नसतो.

यावरचा उपाय साधा आहे. मागची चाके आणि ब्रेक ड्रम काढावेत. फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने सावकाश ओढावी आणि पिनियन फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवावे. मग नट, दांड्याचे टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत पोगराने खूण करावी व नटाबाहेर दिसणारे आटे मोजावेत. आता दोन भोकांची जाड लोखंडी पट्टी बोल्टांनी फ्लँजला जोडून तिने फ्लँज धरावा आणि नट सोडावा. पुन्हा बसवताना नट खुणेपर्यंत, फार तर केसभर पुढे न्यावा. दर वेळी ताणकाटा लावून पाहावा आणि जुना आकडा आला, किंवा नव्या सीलमुळे किंचित वाढला, की थांबावे. काही गाड्यांत नळीऐवजी शिम असतात. तिथे मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचे. आपल्या गाडीत काय आहे ते आधीच पाहिलेले बरे.

बाकी काम सोपे. काढलेल्या फ्लँजच्या ज्या भागावर सीलची लिप टेकते, तिथे नखाने खरवडून पाहावे. नखाला चर लागला तर नवे सील तिथेच गळेल. अशा फ्लँजवर 0.28 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची बाही चढवता येते, नाहीतर फ्लँजच बदलावा. सील बसवण्याआधी लिपला ग्रीस लावावे आणि स्प्रिंगच्या खाचेतही भरावे, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. योग्य मापाच्या पाइपच्या तुकड्याने ते चौफेर सारखे ठोकावे. फ्लँजच्या स्प्लाइनवर सीलंटचा हात फिरवावा. तेल त्या खाचांतूनही नटापाशी पाझरते आणि बोल मात्र सीलला लागतो.

शेवटी तेल. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये ते साधारण दीड लिटर मावते. भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री झाल्याशिवाय खालचा प्लग कधीही उघडू नये. वरचा अडकला तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी दारात उभी राहते. तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत आले की पुरे. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

आणि हे सगळे करण्याआधी शाफ्ट सोडून फ्लँज हाताने वरखाली हलवून पाहा. तो जरा जरी डुलला, तर बेअरिंग गेलेले आहे. मग सील घरी बदलण्याच्या फंदात पडू नका. आधी बेअरिंग, मग सील.