सावित्रीबाईंचं माहेर नायगावात जपलं. आपल्या गावातल्या लेकींच्या घराचं काय?

भोकर : गावात घराची ओळख पुरुषाच्या नावानं असते. लेक लग्न होऊन गेली की तिचं आडनाव बदलतं. पुढं ती कवयित्री, लेखिका, कलावंत म्हणून नावारूपाला आली, तरी ती ज्या घरात वाढली तिथं पाटी क्वचितच लागते. सावित्रीबाई फुले यांचं माहेर मात्र याला अपवाद आहे.

नायगावचं घर

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये लग्न झालं, म्हणजे माहेरी त्या जेमतेम नऊ वर्षं राहिल्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह आला. काम सगळं पुण्यात झालं, तरी नायगावकरांचं घर स्मारक म्हणून जपलं गेलं. आज ३ जानेवारीला तिथं राज्यभरातून लोक येतात. एवढं मोठं काम करणारी बाई शेतकऱ्याच्या घरातून आली, हे तिथं गेल्यावर पोरींना डोळ्यानं दिसतं.

उशीर झाला तर?

पुण्यात ज्या भिडेवाड्यात ही शाळा भरली, त्याचा वाद मात्र वर्षानुवर्षं कोर्टात चालला. तोवर वाडा मोडकळीला आला. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. तिथं नवीन स्मारक होईल, पण जुन्या भिंती परत येणार नाहीत.

बहिणाबाई चौधरींचंही तसंच. जन्म १८८० चा, माहेर जळगावजवळचं आसोदे. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नातेवाइकांनी गाणी उतरवून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जळगावातलं सासरचं घर आज संग्रहालय आहे. गाणी उतरवलीच नसती तर ना पुस्तक असतं, ना संग्रहालय.

आपल्या गावात पाटी लावायची तर

१. आधी माहिती पक्की करा. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद बघा. घर कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कळतं. पुरावा नसेल तर तारीख लिहू नका.

२. घरमालकाची लेखी संमती घ्या. पाटी लागली म्हणून मालकी बदलत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा.

३. विषय ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या.

४. पाटीवर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. खाली तिचं काम दोन ओळीत.

५. घर पडलं असेल तर त्या जागेवर साधा दगड बसवला तरी चालतो.

एक लक्षात ठेवा, नुसत्या पाटीनं घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. त्यासाठी सरकारनं ती वास्तू संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करावी लागते. म्हणून घर उभं आहे तोवर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि जात्यावरच्या ओव्या येणारी आजी गावात असेल, तर पाटीच्या आधी तिचा आवाज रेकॉर्ड करा.