करायला गेले गणपती, झाला मारुती

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी एका मासिकात छापून टाकली. पहिला मान पत्रलेखनाला. साहेबाने यंत्रासमोर मजकूर बोलावा आणि लघुलेखकाचा पगार वाचवावा. मग अंधांसाठी बोलकी पुस्तकं, मग वक्तृत्वाचे धडे. गाणं-बजावणं चौथं! त्याखाली घरच्या माणसांचे आवाज जपून ठेवणं (मरणाऱ्याचे अखेरचे शब्दसुद्धा), बोलक्या बाहुल्या, आणि घरी जायची नि जेवायची वेळ तोंडाने सांगणारी घड्याळं.

लोकांनी यादी वाचलीच नाही. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या गृहस्थाने फोनोग्राफला नाणं टाकायची सोय केली, कानाला लावायच्या नळ्या जोडल्या, आणि गल्ला भरू लागला. आपल्या गंभीर, कचेरीतल्या यंत्राचं असं तमाशाचं खेळणं झालेलं एडिसनला मुळीच रुचलं नाही. त्याची स्वतःची बोलकी बाहुली १८९० मध्ये बाजारात आली आणि काही आठवड्यांतच परत गेली. तिचा आवाज ऐकवत नसे.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला तो कुणाची पत्रं टिपून घ्यायला नव्हे, गौहरजानचं गाणं घ्यायला. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत ठसक्यात स्वतःचं नाव सांगते. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबायची कसरत तेव्हापासून सुरू झाली. रीलवाल्यांनी फार नावीन्याचा आव आणू नये.

गंमत पुढेच आहे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स यांच्या चमूने छोटी कॅसेट आणली. कशासाठी? मजकूर सांगून टिपून ठेवण्यासाठी! एडिसनचंच स्वप्न, पंचाऐंशी वर्षांनी, पुन्हा तेच. आणि लोकांनीही पुन्हा तेच केलं. आपल्याकडे त्या कॅसेटमधून प्रल्हाद शिंदे गाऊ लागले, भीमगीतं वस्तीवस्तीत पोहोचली, कीर्तनकार एसटीत बसल्या बसल्या ऐकता येऊ लागले. कॅसेटचे दिवस सरले तेव्हा शेतकऱ्याने तिच्यातली फीत उसकली आणि ज्वारीच्या शेतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. वाऱ्याने ती चमकते, थरथरते, गुणगुणते, आणि पाखरं बिचकतात. सीडीच्या नशिबी शहर आलं. ती बाल्कनीत दोऱ्याला टांगलेली असते, कबुतरांसाठी. ज्वारीवरची पाखरं अजून घाबरतात. मुंबईची कबुतरं सीडीत तोंड बघतात.

फोनवर नाटक, रेडिओवर गप्पा

टेलिफोन आणि रेडिओ यांनी तर चक्क एकमेकांच्या नोकऱ्या घेतल्या.

१८८१ मध्ये पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातलं गाणं टेलिफोनच्या तारेवरून ऐकवलं. लोक रांगा लावून कानाला यंत्र लावत. पुढे त्याची रीतसर वर्गणीची सेवा निघाली आणि ती १९३२ पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त तिचा वर्गणीदार होता. बुडापेस्टमध्ये १८९३ पासून टेलिफोनवर बातम्या, शेअरचे भाव, मैफली असा दिवसभराचा कार्यक्रमच लागायचा. म्हणजे फोन हा ऐकायचा पेटारा होता. आणि रेडिओ? मार्कोनीला तो हवा होता तारेविना निरोप पोहोचवायला, जहाजावरून किनाऱ्यावर. त्यात एक मोठी खोट होती: निरोप कुणालाही ऐकू जायचा. गुप्तता राहीना म्हणून लोक हळहळले. पुढे त्या खोटेवरच आकाशवाणी उभी राहिली.

अमेरिकेतल्या फोन कंपन्यांना अनेक वर्षं वाटत होतं की हे यंत्र धंद्यासाठी आणि अडीनडीसाठी आहे. बायका त्यावर नुसत्या गप्पा मारतात, तारा अडवून ठेवतात, अशी तक्रार चाले. गप्पांचेच पैसे मिळतात हे ध्यानात येऊन तशा जाहिराती करायला त्यांना १९२० चं दशक उजाडलं. शहाण्या माणसांना साध्या गोष्टी कळायला वेळ लागतो.

आजीचं कपाळ

फोनचा शोध लागून तीनेक वर्षंही झाली नव्हती, तेव्हाच 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाच्या १८७९ च्या वार्षिकात एक व्यंगचित्र आलं. लंडनमध्ये आई-वडील शेकोटीशी बसलेत, समोर भिंतभर पडदा, आणि पडद्यावर दूर सिलोनमध्ये टेनिस खेळणारी तरुण मंडळी. वडील त्यातल्या आपल्या मुलीशी नळीतून बोलताहेत. कोथरूडचे आजी-आजोबा आणि कॅलिफोर्नियातली लेक यांचं चित्र दीडशे वर्षं आधी काढून ठेवलंय म्हणा ना. चुकलं ते एवढंच, की चित्रातले वडील पडद्यात नीट बघतात. आपल्याकडे आजी फोन कानाला लावते आणि नातवाला अर्धा तास कानाची पाळी दिसते. 'आजी, समोर धर' म्हटलं की कपाळ आणि वरचा पंखा.

मधल्या काळात अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने याच कल्पनेवर हात पोळून घेतले. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात चित्रफोन दाखवला, १९७० मध्ये पिट्सबर्गला रीतसर सेवा सुरू केली. महिन्याचं भाडं १६० डॉलर. लोकांनी पाठ फिरवली. एक तर महाग, दुसरं म्हणजे समोर कुणाकडे चित्रफोन नसेल तर बघायचं कुणाला, आणि तिसरं, फोन आला की केस विंचरायचे कुणी? यंत्र ओळखणारे द्रष्टे पुष्कळ झाले. ते हातात आल्यावर माणूस काय करील, हे ओळखणारा मात्र विरळाच.

१९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये 'इसवी सन २०००' कसं असेल याची रंगीत चित्रं निघाली. पंख लावलेले अग्निशामक, पाण्याखाली देवमाशाने ओढलेली बस, आणि एक शाळा: गुरुजी यंत्रात पुस्तकं टाकताहेत, एक पोरगा दांडा फिरवतोय, आणि तारांवाटे ज्ञान मुलांच्या कानात उतरतंय. (कोचिंग क्लासवाल्यांनी हे चित्र बघितलं नसेल असं मला वाटत नाही.) आणखी एका चित्रात फरशी पुसणारं विजेचं यंत्र आहे. ते चालवायला मोलकरीण आहेच, तीही १९०० च्याच पोशाखात. यंत्रं बदलली, बाई जिथल्या तिथे.

तीच गत १९६९ च्या 'किचन कॉम्प्युटर'ची. नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा संगणक गृहिणींसाठी म्हणून झळकला. किंमत १०,६०० डॉलर, काम पाककृती साठवणं, वर भाजी चिरायचा पाट मोफत जोडलेला. चालवायचा कसा? दोन आठवड्यांचं शिक्षण घ्यायचं, खटके वर-खाली करून यंत्राच्या भाषेत विचारायचं आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर ओळखायचं. तोवर पोळ्या करपणार. एकही खपल्याची नोंद नाही. पाककृती पुढे पडद्यावर आल्याच, पण एका फसलेल्या वधू-वर सूचक केंद्रातून. यूट्यूब २००५ मध्ये निघालं ते 'आपली ओळख करून देणारा व्हिडिओ टाका आणि जोडीदार मिळवा' या कल्पनेवर. मुलींना वीस-वीस डॉलर देऊ केले तरी कुणी फिरकलं नाही. मालक म्हणाले, टाका मग काय हवं ते. टाकलं.

फ्रेंचांचं नेमकं उलटं झालं. त्यांच्या टपाल-तार खात्याने १९८२ पासून घरोघरी 'मिनितेल' नावाचं छोटं यंत्र फुकट वाटलं. जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी छापायचा खर्च वाचवावा, हा हिशेब. लोकांनी त्यावर नंबर शोधले, रेल्वेची तिकिटंही काढली, पण रात्र रात्र जागले ते अनोळखी माणसांशी चावट गप्पा मारायला. मिनिटामिनिटाचं बिल पडायचं, आणि त्यातला वाटा सरकारी तिजोरीत. नैतिक आक्षेप घेणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. २०१२ मध्ये ही सेवा बंद पडली.

वेबकॅमची जन्मकथा त्याहून सोज्वळ आहे. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिने तुडवत यावं आणि भांडं रिकामं असावं, याचा संशोधकांना वीट आला होता.

वरून आलेला, खाली रमलेला

आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये एका लेखात सांगितलं होतं की पृथ्वीभोवती ठरावीक उंचीवर तीन केंद्रं ठेवली की जगभर प्रक्षेपण करता येईल. कल्पना शंभर नंबरी खरी ठरली. फक्त त्यांच्या केंद्रांत माणसं राहत होती! रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हचा जमाना होता, ते सारखे जळायचे, ते बदलायला वर कुणीतरी हवंच ना.

भारताने १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही नेला. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळा. दूरदर्शनचा जन्मही १९५९ मध्ये असल्याच शैक्षणिक हेतूने झाला होता. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. कित्येक घरांत टीव्हीलाच हार घातला जाई. हे ना क्लार्क यांच्या लेखात होतं, ना कुठल्या सरकारी अहवालात.

एक रिंग म्हणजे पोहोचलो

मिस्ड कॉल ही सोय कुठल्याच अभियंत्याने आखली नाही. न उचललेल्या फोनचं बिल येत नाही, एवढं हेरून लोकांनी ती घडवली. एक रिंग: पोहोचलो. दोन रिंगा: खाली ये. तीन: पैसे संपलेत, तू लाव. कंपनीची तार वापरायची, निरोप द्यायचा आणि दमडी मोजायची नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर मिस्ड कॉल द्या, असं आवाहन झालं. पुढे पक्षाचं सदस्यत्वही मिस्ड कॉलवर मिळू लागलं. त्या आधी राजकारणात उतरायला घराबाहेर पडावं लागे.

नोकियाचा २००३ मधला ११०० हा फोन जगात सुमारे २५ कोटी खपला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. टॉर्च होती. भारनियमनाच्या महाराष्ट्रात त्या टॉर्चचं मोल काय होतं, हे बारा-बारा तास अंधारात काढलेल्यांनाच विचारा. आणि फोनने विहिरीवरची मोटर सुरू करायची, ही कल्पना पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांची. शेतीची वीज पाळीने येते, पाळी बरेचदा रात्रीची, विहीर लांब आणि वाटेत साप-विंचू. त्यांच्या 'नॅनो गणेश'मुळे शेतकरी घरातूनच फोन लावतो, वीज आहे की नाही ते कळतं, मोटर चालू-बंद होते. गणपती करायला घेतला आणि गणपतीच झाला, असंही एखादं उदाहरण असावं.

व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघालं ते नावापुढे 'जिममध्ये आहे', 'बॅटरी संपत आलीय' एवढंच दाखवायला, म्हणजे फोन करणाऱ्याला अंदाज यावा. लोकांनी त्यातूनच एकमेकांना टोमणे मारायला सुरुवात केली आणि त्याचं निरोपांचं ॲप झालं. पुढे भारतातले फोन इतके का तुंबतात, याचा गूगलने शोध घेतला, तर सापडला उगवता सूर्य, दवबिंदू आणि 'शुभ सकाळ'. ही चित्रं वेचून पुसणारी सोय त्यांना आपल्या ॲपमध्ये घालावी लागली. 'स्टेटस' २०१७ मध्ये नव्या रूपात परतलं. महाराष्ट्रात त्याचे मुख्य उपयोग दोन: भावाचा वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली.

क्यूआर कोडची गोष्ट तर मला फार आवडते. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड वाचून कामगार वैतागले होते. डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांना 'गो' या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरून चौकोनी कोड सुचला. कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांचं काळं-पांढरं प्रमाण १:१:३:१:१ का? त्यांनी ढीगभर छापील कागद तपासले आणि छपाईत सहसा न आढळणारं प्रमाण निवडलं, म्हणजे यंत्र फसायला नको. १९९४ मध्ये कोड आला आणि कंपनीने पेटंटचा हक्क गाजवला नाही, ज्याला हवा त्याने वापरावा. त्यामुळेच तो आज वडापावच्या गाडीवर मिरचीशेजारी चिकटलेला आहे. एका नंदीबैलाच्या तर कपाळावरच तो बांधलेला होता. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. हात बेसनात असताना मोबाइल बघणार कोण, म्हणून गाडीवर बोलका डबाही आला: 'वीस रुपये प्राप्त झाले.' गर्दीत कुणी किती खाल्लं, हे आता अख्ख्या चौकाला कळतं.

फोन घेऊन निघालेला डिलिव्हरी बॉय उपग्रहांच्या मदतीने तुमच्या दारापासून काही मीटरवर येऊन थांबतो, आणि मग फोन करून विचारतो: 'मारुतीच्या देवळापासून कुठे?'

राहता राहिला कागद. १९७५ मध्ये 'बिझनेस वीक'ने भविष्यातल्या कचेरीवर लेख छापला आणि कागदाची सद्दी लवकरच संपणार, असं तज्ज्ञांचं भाकीत त्यात आलं. त्यानंतर घरोघर प्रिंटर आले आणि कागद पूर्वीपेक्षा जास्त लागू लागला. आपल्याकडे अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. भरून त्याची प्रिंट काढायची, सही करायची, स्कॅन करून परत चढवायची, चढवल्याची पावती छापायची आणि सगळ्याच्या दोन झेरॉक्स साक्षांकित करून खिडकीवर द्यायच्या. खिडकीतली बाई त्यावर शिक्का मारते आणि म्हणते, 'याचा फोटो काढून ठेवा हं मोबाइलमध्ये.'