म्हातारपण, वर्ण आणि सरकारी कात्री

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की चौकातला एखाद्या डॉक्टरचा दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना स्वतः उठता, न्हाता, खाता येत नाही अशा वृद्धांना व अपंगांना, बहुधा मरेपर्यंत, ठेवण्याचे ते ठिकाण. अशा शुश्रूषागृहांत आज सुमारे १२ लाख माणसे आहेत आणि त्यांतील दहापैकी सहांचा खर्च ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ज्यांच्यावरून आपले नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरनी काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले होते. तेव्हा तिथल्या सरकारी तिजोरीला लागलेली कात्री नेमकी कुणाच्या अंगावर चालते, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

त्यासाठी १९३५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाचे निवृत्तिवेतन दिले, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले. काळे कष्टकरी बहुसंख्येने याच दोन कामांत होते. कायद्यात ‘वर्ण’ हा शब्द कुठे नव्हता. तो लिहिण्याची गरजच पडली नाही! वगळलेल्यांना आत घ्यायला पन्नाशीचे दशक उजाडले. त्याच कायद्याने सरकारी गरीबगृहांत राहणाऱ्यांना वृद्धसाहाय्य नाकारले. साहजिकच म्हातारी माणसे हातातले पैसे घेऊन खाजगी घरांकडे वळली आणि त्यातून एक धंदा उभा राहिला. आज सुमारे ७० टक्के शुश्रूषागृहे नफ्यासाठी चालतात.

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड आल्या. मेडिकेअर वृद्धांसाठी खरी, पण ती आजारपणानंतर फार तर १०० दिवस शुश्रूषागृहाचा भार उचलते. पुढे माणसाने गाठीचे सगळे विकून खायचे. अनेक राज्यांत शिल्लक २,००० डॉलरवर आली की मग मेडिकेड. मेडिकेअरच्या पैशासाठी इस्पितळांनी वर्णभेदाच्या पाट्या भराभर उतरवल्या. शुश्रूषागृहांवर मात्र तो दाब पडला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जवळजवळ सर्वस्वी मेडिकेडवर जगणाऱ्या खालच्या थरातील गृहांत काळ्या रहिवाशांपैकी ४० टक्के आढळले; गोऱ्यांपैकी ९ टक्के.

आता कात्री कशी चालते ते पाहू. इमारतीचे भाडे, औषधे, वीज यांत काटकसरीला फारसा वाव नसतो. मोठा खर्च माणसांचा, म्हणून सरकारी दर अपुरा पडला की प्रथम माणसे कमी होतात. रात्रपाळीला एका बाईकडे दुप्पट रुग्ण येतात. अंथरुणाला खिळलेल्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवले नाही तर पाठीला व कमरेला जखमा होतात, त्या चिघळतात. घास भरवायला वेळ नसतो. वेड्यासारखा ओरडणारा म्हातारा गुंगीच्या औषधाने गप्प केला जातो. आणि ही सेवा करणारे हात कुणाचे? नव्वद टक्क्यांहून अधिक बाया, त्यांत एक तृतीयांशाहून जास्त काळ्या. आपल्या इस्पितळात घाण उचलणाऱ्या ‘मावशी’ कोणत्या वस्तीतून येतात हे वाचकाला सांगायला नको.

मालक नेहमी सांगतात की सरकार पुरेसे देत नाही. हे पुष्कळ अंशी खरे आहे, पण पुरते नाही. कित्येक मालक स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला भाडे व व्यवस्थापनाचे शुल्क देतात आणि गृह कागदोपत्री तोट्यात दाखवतात. म्हणून नुसता दर वाढवा ही मागणी मला अपुरी वाटते; दरासोबत माणसांची संख्याही बांधून दिली पाहिजे.

ती बांधायचा प्रयत्न झाला होता. २०२४ च्या नियमाने प्रत्येक रहिवाशामागे दररोज ३.४८ तासांची शुश्रूषा सक्तीची केली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्ससमधील न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. त्याच कायद्याने दहा वर्षांत मेडिकेडचा केंद्रीय खर्च ९०० अब्ज डॉलरहून अधिक घटेल, असा संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. अर्ज करण्याआधीच्या तीन महिन्यांची बिले मेडिकेड भरत असे. १ जानेवारी २०२७ पासून वृद्धांसाठी ही मुदत दोन महिन्यांची ठरवली आहे. उरलेल्या महिन्याचे बिल घरच्यांच्या नावावर.