कैलासाच्या अंगणातून मोजणी

वेरूळला कैलासाच्या अंगणात उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच. कळसापासून सुरुवात करून डोंगर खाली कोरत आणला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीतलं, आठव्या शतकातलं हे काम. साडेबाराशे वर्षं हा आकडा इथे अंगावर येतो, म्हणूनच दुसरा एक आकडा मला इथूनच मोजायचा आहे.

समजा, या डोंगरावर पहिला घाव पडला त्याच दिवशी, इसवी सन ७६० च्या सुमारास, एक माणूस मोजायला बसला. सेकंदाला एक. जेवण नाही, झोप नाही, पिढ्यान् पिढ्या तीच मोजणी. आज तो सुमारे ४,००० कोटींवर आला असता. एन्व्हिडिया या कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या एच१०० या एका चिपमध्ये ८,००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. म्हणजे मोजणी आत्ता कुठे निम्म्यावर आली! आणि ती चिप केवढी? ८१४ चौरस मिलिमीटर. काडेपेटीच्या पाठीवर सहज मावेल.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बटण. चालू किंवा बंद, एवढंच त्याचं काम. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप विकायला काढली तेव्हा तिच्यात अशी २,३०० बटणं होती. आपला माणूस ती चाळीस मिनिटांच्या आत मोजून मोकळा झाला असता. पण त्या २,३०० लाही कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. आपल्या माणसांनी आपल्या देशात बांधलेला. त्यात हेच बटणाचं काम करायला सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्या मांडायला अठरा फूट लांबीचा पोलादी सांगाडा लागला होता. अकरा वर्षांत जवळपास तेवढीच बटणं नखाएवढ्या तुकड्यावर आली.

२,३०० पासून ८,००० कोटींपर्यंत जायला किती वेळा दुप्पट करावं लागतं? फक्त पंचवीस वेळा. करून पाहा: २,३०० ची पंचवीस वेळा दुप्पट केली की ७,७१७ कोटी येतात. १९७१ ते २०२२ ही एक्कावन्न वर्षं, म्हणजे दर दोन वर्षांनी एक दुप्पट. पुढे इंटेलच्या संस्थापकांपैकी एक झालेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये दरवर्षी दुपटीचा अंदाज मांडला होता, १९७५ मध्ये तो दोन वर्षांवर आणला. हा काही निसर्गाचा नियम नव्हे. कारखान्यांनी तो ध्येय म्हणून डोक्यावर घेतला आणि पिढी दर पिढी माणसं त्यासाठी राबली, हे मला त्या आकड्याहूनही मोठं वाटतं.

आपलं मन बेरजेत विचार करतं. पगारवाढ, दर महिन्याची भिशी, शेतातली पोती, सगळी बेरीज. दुपटीचं वागणं वेगळं असतं. दहाव्या दुपटीला, १९९१ च्या सुमाराला, हिशेब साडेतेवीस लाखांवर येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३७ लाख, म्हणजे तोवर एक जिल्हासुद्धा भरत नाही. विसाव्या दुपटीला २४१ कोटी होतात. आणि शेवटच्या, पंचविसाव्या एकाच पायरीत ३,८५८ कोटी वाढतात. आधीच्या चोवीस पायऱ्यांनी मिळून जेवढे जमवले, तेवढेच त्या एकीत.

दाटीचा हिशेब तर मला सर्वांत विलक्षण वाटतो. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद असा चौकोन घ्या, खसखशीचा दाणा जेमतेम बसेल असा. ४००४ मध्ये तेवढ्या जागेत दोनशेच्या आत ट्रान्झिस्टर होते. एच१०० मध्ये ९ कोटी ८० लाखांहून जास्त आहेत. २००१ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्र ९ कोटी ६८ लाखांचा होता. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येकाला एक देऊनही खसखशीच्या दाण्याखाली काही लाख उरतात.

इतकं बारीक कोरायला छन्नी नाही, प्रकाश लागतो. अतिनील किरणांतही पार टोकाचा, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो मिळवण्यासाठी वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे पन्नास हजार वेळा लेसरचा मारा करतात. चिपचा वेग मात्र संख्येसारखा वाढत राहिला नाही. ४००४ चा ठोका सेकंदाला सुमारे साडेसात लाख होता, तो काही अब्जांवर गेला आणि २००५ च्या आसपास उष्णतेपुढे अडला. तेव्हापासून भर आहे तो बटणांच्या संख्येवर आणि एका वेळी अनेक कामं वाटून घेण्यावर.

२०२४ मध्ये एन्व्हिडियाने दोन तुकडे जोडून बी२०० ही चिप जाहीर केली. तिच्यात २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. कैलासाच्या पहिल्या घावापासून मोजत बसलेला आपला माणूस त्यातल्या पाचव्या हिश्शापर्यंतही अजून पोचलेला नाही.